सफरचंदाचा केक आणि फ्रिजमधल्या बिया

केक ओव्हनमध्ये, १८० अंश, पाऊण तास. तेवढ्यात मुलांना घेऊन बागेवरची चित्रांची पुस्तकं काढली. बी, कोंब, फूल, फळ. धाकटीचा प्रश्न: "मग आपल्या सफरचंदातली बी पेरली तर?"

उरलेलं सफरचंद आडवं कापलं. मधोमध पाच कप्प्यांची चांदणी! पुस्तक तिथेच बाजूला पडलं. या बियांना उगवायच्या आधी दोन-तीन महिने ओल आणि थंडी लागते, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. बीपासून आलेल्या झाडाला अगदी हेच सफरचंद लागत नाही, म्हणून तर बागवाले कलमं करतात, हे सांगितलं तर थोरला खूशच झाला. "म्हणजे आपलं सफरचंद जगात एकच!" नावही ठरलंय, पण ते गुप्त आहे.

ही पुस्तकं एका बाबतीत मात्र लबाड असतात. पान उलटलं की झाड मोठं. खरं झाड फळ धरायला कितीतरी वर्षं घेतं.

केक छान झाला. फोडी मैद्यात घोळवल्या की तळाशी बसत नाहीत म्हणतात. माझ्या मते मिश्रण घट्ट असणं जास्त महत्त्वाचं. पुढच्या वेळी दालचिनी थोडी वाढवणार.