राणी, पोपटी आणि आत्याचा गोडा मसाला

आत्याने सदुसष्टाव्या वर्षी गोडा मसाला विकायला काढला आणि लेबलाचं काम माझ्या गळ्यात पडलं. अर्थात फुकटात. दांडिया बाजारातल्या तिच्या दोन खोल्यांत धणे-तिळाचा वास इतका मुरलाय की आता माझ्या लॅपटॉपच्या पिशवीलाही येतो.

तिची अट एकच. "तीन रंग घाल, चांगले भडक. नवा बाजारात टांगलेल्या चनियाचोळ्या कशा लांबून दिसतात, तसं दिसलं पाहिजे."

मी राणी, पोपटी आणि हळदी घेतले. बडोद्यात मराठी काय नि गुजराती काय, राणी म्हटलं की दोघांनाही कळतं. आत्याच्या हट्टाखातर तिन्हींच्या सारख्या रुंदीच्या आडव्या पट्ट्या केल्या, पोपटी जरा गडद घेतला आणि त्यावर राणी अक्षरांत नाव लिहिलं. अक्षरांच्या कडा अशा थरथरायला लागल्या की वाचवेना. फोटो काढून कृष्णधवल केला, तर नावच गायब! दोन्ही रंगांचा एकच करडा झाला होता. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा असला की हे होतंच.

आत्याला म्हटलं, सारख्या पट्ट्या नकोत. ती म्हणाली, "का? आपल्या झेंड्यात नाहीत का तीन सारख्या?"

मी क्षणभर गप्पच झाले. पण झेंड्यात केशरी आणि हिरवा एकमेकांना चिकटत नाहीत, मधे पांढरा आहे. मग तिच्याच कपाटातली पैठणी काढली. अंग हिरवं, काठ राणी, मधे जर. काठ मोजला तर जेमतेम चार बोटं. "हा काठ अंगाएवढा असता तर नेसली असतीस का गं?" आत्याने उत्तर दिलं नाही, चहा ठेवला. आमच्याकडे याचा अर्थ मान्य.

भाचीच्या घागऱ्याची गतही तीच झाली होती. तीन रंगांच्या सारख्या कळ्या, हौसेने शिवून घेतलेल्या. गरब्यात गिरकी घेतली की सगळं मिसळून मळकट दिसायचं. ती उभी राहिली की मात्र झकास.

मग पट्ट्या गेल्या. हळदी भरपूर, पोपटीची वेल, राणी फक्त नावाला. प्रेसमध्ये 500 लेबलं टाकली आणि नमुना न बघता घरी आले. चूक माझीच. चार शाईंच्या छपाईत निळ्या, गुलाबी, पिवळ्या नि काळ्या ठिपक्यांतून रंग उभा राहतो. स्क्रीनवर उजेडाने चमकणारा पोपटी त्यातून निघत नाही. गठ्ठा उघडला तर वेल तीन दिवसांच्या मेथीसारखी.

दुसऱ्या खेपेला पैसे वाचवायचे म्हणून सरळ पिवळाच कागद आणला. हळदी रंग आयता मिळाला, स्क्रीन प्रिंटिंगच्या तीनऐवजी दोनच फ्रेमा लागल्या. पातळ आकाशी शाई पिवळ्यावर फिरवली आणि वेल अशी पोपटी उठली की कारागीरही म्हणाला, वाह. पण त्याच न्यायाने गुलाबी शाई पिवळ्यावर पडली की लाल होणार, हे मी, वीस वर्षं हेच काम करणारी बाई, साफ विसरले होते. राणी गेली, लालभडक उरलं. खालून पांढरा थर दिला असता तर वाचली असती, म्हणजे पुन्हा तिसरी फ्रेम.

मी तोंड पाडून लेबल आत्यापुढे ठेवलं. तिने चष्मा वर सरकवला. "अगं, हे तर हळदीकुंकू झालं! राणीबिणी राहू दे, हेच छाप."

तेच छापलं. मेथीवाली 500 लेबलं आत्याने टाकू दिली नाहीत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती वाण्याची यादी लिहिते.