हिरव्या अक्षरांतील खतावणी

सन १९८८च्या जुलै महिन्यात दादरच्या एका पतपेढीतून फोन आला, तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवरील एका छोट्या कंपनीत संगणकांच्या देखभालीचे काम करीत होतो. पतपेढीच्या हिशेबनीस बाईंचा आवाज कापत होता. जुनी फ्लॉपी रिकामी करून तिच्यावर बॅकअप घ्यावा म्हणून त्यांनी ‘डेल स्टार डॉट स्टार’ ही सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा दिली होती; परंतु प्रॉम्प्ट, म्हणजे पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारी खूण, ए ड्राइव्हचा (फ्लॉपीचा) नसून सी ड्राइव्हचा (हार्ड डिस्कचा) होता आणि ‘आर यू शुअर?’ या प्रश्नाला त्यांनी सवयीने वाय, म्हणजे ‘होय’, दाबले होते. “मशीनवर काहीही सेव्ह करू नका, मी येतो,” एवढेच सांगून मी भर पावसात निघालो.

चपला बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरलो. २० एमबी हार्ड डिस्कचा पीसी-एक्सटी जातीचा संगणक होता. आधीच्या बॅकअपच्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर पावसाळी हवेने बुरशी धरली होती आणि त्या लावताच ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल?’ एवढाच वाचता न आल्याचा संदेश उमटे.

डॉसमध्ये, म्हणजे त्या संगणकाच्या कार्यप्रणालीत, फाइल पुसली तरी मजकूर लगेच पुसला जात नाही. डिरेक्टरीतील, म्हणजे फाइलींच्या यादीतील, नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे खूण केली जाते आणि फाइलचे तुकडे, म्हणजे क्लस्टर, कोणत्या क्रमाने जोडलेले होते ती नोंद फॅट तक्त्यातून शून्य केली जाते. नवा मजकूर वर लिहिला जाईपर्यंत जुना तसाच असतो. म्हणून नॉर्टन युटिलिटीज हे पुसलेल्या फाइली परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर मी हार्ड डिस्कवर न चढवता फ्लॉपीवरूनच चालवले. नोंदींचा क्रम लावणाऱ्या इंडेक्सच्या फाइलींची काळजी नव्हती, त्या डीबेस या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा तयार करता येत. सभासदांची मुख्य फाइल मात्र वर्षभर थोडीथोडी वाढत गेल्याने डिस्कभर विखुरली होती आणि तिचे २ केबीचे तुकडे आम्हांला डोळ्यांनी वाचून जुळवावे लागले.

त्या सात-आठ तासांत मला बाईंच्या स्मरणशक्तीचे जे दर्शन घडले, ते मी आजवर विसरलेलो नाही. एका तुकड्याच्या शेवटी ‘कुल’ एवढीच अक्षरे असत आणि ‘कर्णी’ने सुरू होणारा तुकडा शोधावा लागे. असे तीन तुकडे सापडले, तेव्हा मी अडलो. सोडून गेलेल्यांचे क्रमांक नव्या सभासदांना दिलेले असल्यामुळे खातेक्रमांकावरूनही क्रम लागत नव्हता. बाई पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, “हा नको. ही मागच्या वर्षीची प्रत आहे. यांचं कर्ज मार्चमध्येच फिटलं, इथे अजून बाकी दिसतेय.” त्या जुन्या प्रतीचे अवशेषही डिस्कवर पडून होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तो तुकडा जोडला गेला असता, तर फाइल बिनतक्रार उघडली असती आणि कर्ज फेडलेल्या माणसाच्या पगारातून पुन्हा हप्ता कापला गेला असता.

रात्री साडेआठला फाइल उघडली. बाईंनी कपाटातून हाताने लिहिलेली खतावणी काढली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर यादी छापली आणि एकेका बाकीपुढे पेन्सिलीने टिंब देत त्या शेवटच्या पानावर आल्या. बेरीज पैशापैशाने जुळली. मग त्यांनी नव्या फ्लॉपीवर स्वच्छ अक्षरांत तारीख लिहिली आणि ती ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी प्रॉम्प्टचे अक्षर मोठ्याने वाचून दाखवले.