मशीन ९८ दाखवत होतं

रोडग्याच्या जेवणात लोकांना वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, तेवढा दिसतो. खरं काम जगऱ्याचं, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाचं. गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळ बसू द्यायची आणि धूर पूर्ण संपेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली तर रोडगा वरून करपतो, आत कच्चा राहतो, वर धुराचा वास लागतो तो वेगळाच. जाड कणकेचा, थरांना तेल लावून वळलेला गोळा त्या लाल विस्तवात ठेवायचा, सराट्याने, म्हणजे उलथण्याने, फिरवत राहायचं. फोडला की पापुद्रे सुटले पाहिजेत. गॅसच्या ओव्हनमधून काढून त्याला रोडगे म्हणणारे आचारी नागपुरात वाढलेत, मला ते पटत नाही.

एका जानेवारीत रामटेकच्या पुढे तलावाकाठी एका ऑफिसच्या मुलांचा मुक्काम होता, स्वयंपाक माझ्याकडे. जेवणं उरकली. गोवरीचा विस्तव राखेखाली रात्रभर धगधगतो, म्हणून जगऱ्याजवळच मी अंथरूण टाकलं. थोड्या वेळाने एक मुलगा घमेल्यात विस्तव भरताना दिसला.

"तंबूत नेऊ नको," म्हटलं.

"काका, धूर तं नाहीये ना! आमच्या आजीकडे शेगडी घरातच राहे."

मी घमेलं हातातून घेऊन ओतून टाकलं. माझा डोळा लागल्यावर त्याने ते पुन्हा नेलं.

पहाटे ओकारीच्या आवाजाने जागा झालो. एक मुलगी तंबूच्या दाराशी ओकत होती, डोकं फुटतंय म्हणत होती. आतले दोघे हाक मारून उठेनात. चेन पूर्ण उघडली, दोघांनाही पाय धरून बाहेर ओढलं, मोकळ्या हवेत कुशीवर निजवलं, मग गाडी काढायला लावली. घमेल्यातल्या विस्तवावर पांढरी राख होती, धुराची रेघही नव्हती.

दवाखान्यात त्यांच्या बोटाला ते ऑक्सिजनचं मशीन लावलं. ९८. ड्यूटीवरचा मुलगा म्हणाला, ऑक्सिजन उत्तम आहे, जास्त झाली असेल. पार्टीची पोरं म्हटली की निदान तयारच असतं. मी घसा फोडून सांगत राहिलो, साहेब, तंबूत विस्तव होता. आतून डॉक्टर बाई आल्या, एवढं एक वाक्य ऐकलं आणि तिघांनाही मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. नंतर त्यांनी समजावलं: कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतं, आणि बोटावरच्या मशीनला या दोहोंतला फरकच कळत नाही. म्हणून ९८.

तिघंही वाचली. पण विस्तवाची गोष्ट सांगणारं कोणी सोबत गेलंच नसतं तर, हे मनातून जात नाही. आणि त्या मुलाची आजीही खोटी नव्हती. तिच्या घराला कौलं होती, फटीफटीतून वारा खेळायचा. नायलॉनच्या तंबूची चेन लावली की हवा येणार कुठून?

थंडी मुळात खालून, जमिनीतून येते. रामटेककडे धानाचं तणस हवं तेवढं मिळतं. तंबूखाली त्याचा हातभर थर द्या, वर ताडपत्री, आत गरम पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या. तणस असलं की चूल आणि जगरा मात्र तंबूपासून चांगला लांब, वाऱ्याची दिशा पाहून.

आता झोपण्याआधी मी जगऱ्यात पाणी ओततो, राख सराट्याने उकरून पुन्हा ओततो, वरून हात धरून धग पाहतो. सकाळच्या चहाला नव्याने चूल पेटवावी लागते म्हणून एक आयोजक कुरकुर करतो. गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगू नका, घाबरतात, असंही तो म्हणाला. मी जेवण वाढतानाच सांगतो.