आमची वाटचाल : सदतीस पेडल आणि एक ‘ए’

नाशिकला शालिमारजवळच्या माळ्यावर दुकान टाकलं तेव्हा पाटीवर ‘रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर’ एवढंच होतं. गिटारचं पेडल म्हणजे पायानं दाबायची, आवाज बदलणारी डबी; तिचा ‘प’सुद्धा मला ठाऊक नव्हता. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा भागीदार झाले, ते स्वतःचा काटेवाला मीटर काखेत मारूनच आले. नवा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, हातात पडला की त्यावरचं अक्षर ते वाचतच नसत. शाफ्ट मधोमध आणायचा, पहिल्या पायापासून मधल्या पायापर्यंत मोजायचं. १००केच्या, म्हणजे १०० किलोओहमच्या पॉटला ५० आलं तर लिनिअर (सारखी चढण, हल्लीच्या छापात ‘बी’), १०-१५ आलं तर लॉग (आधी हळू, मग वेगात, ‘ए’), ८५-९० आलं तर रिव्हर्स लॉग (त्याच्या उलट, ‘सी’). मग पाठीवर पेन्सिलीनं खूण. मला हसू यायचं. छापलेलं असताना मोजायचं कशाला?

त्याचं उत्तर एका गणपतीच्या सीझनला मिळालं. अण्णा मुलीकडे पुण्याला गेले होते. मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून निम्म्या भावात २०० पॉटांचं खोकं उचललं, पंचवटी एक्सप्रेसनं मांडीवर घेऊन आलो. शिक्का स्वच्छ: ‘ए१००के’. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्ट्या, कॉलेजची पोरं, सगळ्यांचे मिळून ३७ पेडल आले होते. मी सगळ्यांचे व्हॉल्यूम बदलून टाकले.

चौथ्या दिवशी पहिला परत आला. “नॉब जरा हलवला की अंगावर येतो, पुढे कितीही फिरवा, काही फरकच नाही.” आठवड्यात रांग लागली. कानाला आवाज लॉगच्या चालीनं कळतो. लिनिअर पॉट व्हॉल्यूमला बसवला की सगळी चढण पहिल्या पाव फेऱ्यात उरकते. हे मला माहीत होतं. पण शिक्का ‘ए’चा होता ना!

त्याच महिन्यात कॉलेज रोडला पेडल दुरुस्तीचंच एक चकाचक काचबंद दुकान निघालं होतं. त्याचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, “माळ्यावरच्याला ए-बी-सी येत नाही.” मंडळांनी पैसे मागितले, भाडं चार महिने थकलं, शटरला कुलूप लावायचंच बाकी होतं. पुढे त्यानं दुरुस्त केलेले तीन ट्रेमोलो (आवाज लाटेसारखा कमी-जास्त करणारे पेडल) माझ्याकडेच आले बरं का. स्पीडला सी हवा तिथे बी ठोकलेला, सगळा वेग शेवटच्या टोकाला गोळा. मी कुणाला बोललो नाही. आता बोलतोय.

अण्णा परतले, खोकं उघडलं, दोन पॉट मोजले. “हा जुना युरोपी माल. त्या शिक्क्यात ‘ए’ म्हणजे लिनिअर.” रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. उपाय त्यांनीच काढला: मधल्या पायापासून ग्राउंडच्या पायाला १५केचा रेझिस्टर. मधोमध १९ टक्क्यांच्या आसपास येतं, कानाला पुरतं. मात्र मागच्या टप्प्यावर भार वाढतो, त्यामुळे जिथे मागे तो पेलणारा ऑपॲम्प (अ‍ॅम्प्लिफायरची चिप) नव्हता तिथे नवा पॉटच घातला, आमच्या खर्चानं.

या सगळ्यात सिन्नरचे बेंजोवाले काका तेवढे टिकले. पेडल टेबलावर ठेवून म्हणाले, “मिरवणूक माझी आहे, घाई तुम्ही करू नका.” पैसेही आगाऊ दिले. आजही त्यांचा वॉ, म्हणजे पायानं खालीवर करून ‘वॉ-वॉ’ आवाज काढायचं पेडल, दुसऱ्या कुणाच्या हातात जात नाही. त्यातल्या पॉटची चढण वेगळीच असते, साधा १००के घातला की ‘वॉ’ ऐवजी ‘वॅक’ येतं.

मधली वर्षं बरी गेली. लॉकडाऊनही निघाला.

नव्या पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. खरखर आली की लगेच पॉट उपटू नका. आधी क्लीनर मारा. नवा घालूनही खरखर राहिली तर मागचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) तपासा, त्यातून डीसी गळत असेल तर दहा पॉट बदलून उपयोग नाही. शाफ्ट ६ मिमी की ६.३५, हे नॉब घेऊन बघा, नाहीतर स्क्रू कितीही आवळा, डुगडुगेल. आणि मीटर लावा, शिक्क्यावर जाऊ नका.

अण्णा आता नाहीत. त्या खोक्यातले उरलेले १६३ पॉट मी टाकले नाहीत. वर मार्करनं मोठा ‘बी’ लिहिला. बिग मफ नावाच्या फझ पेडलला तिन्ही जागी १००के लिनिअरच लागतो. परवा मोजले, २२ राहिलेत.