आमची वाटचाल : शेंड्यांची राखण

2014 साली एका दैनिकाच्या पुरवणीत अर्धं पान भरून मजकूर आला होता. लांब केसांसाठी खास दालन, सांगलीत प्रथमच. प्रथमच! आम्ही गावभागात 1998 पासून तेच काम करत होतो. केस वाढवायचेत, पण शेंडे कोरडे पडलेत, फाटे फुटलेत, लांबी न घालवता तेवढे काढून द्या, म्हणून मिरज, तासगाव, जयसिंगपूरहून बायका आमच्याकडे यायच्या. मजकुरात दुरुस्ती करा म्हणून मी त्यांच्या कचेरीत जाऊन आले, पण कोणी दाद दिली नाही. म्हणून दुकानाची वाटचाल लिहायची ठरल्यावर सगळ्यात आधी हेच लिहून ठेवते.

दुकान मी आणि आमच्या ह्यांच्या आत्यांनी मिळून काढलं. मी पुण्याला पार्लरचा कोर्स करून आले होते. आत्यांनी कुठलाच कोर्स केलेला नव्हता, पण गावभागातल्या लग्नात नवरीचा आंबाडा घालायच्या त्याच आणि डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायच्याही त्याच. कमरेखाली केस असलेली बाई खुर्चीत बसली की आत्या आधी वेणीचं टोक हातात घ्यायच्या, चिमटीत चुरून बघायच्या आणि सांगायच्या, ही ओल्या केसांचा बुचडा बांधून झोपते, हिच्या वेणीला रबर असतं. समोरची बाई चकित व्हायची.

आत्यांचा शिसवी कंगवा अजून दुकानात आहे. त्याचे दात करवतीनं एकेक कापून घासलेले आहेत. बाजारातला साध्या प्लास्टिकचा कंगवा साच्यातून निघतो आणि प्रत्येक दातावर साच्याची बारीक शिवण राहते. नख फिरवून बघा, लागेल. ती शिवण रोज शेंड्यांवरून खरवडत जाते. केसाचं बाहेरचं आवरण खवल्यांचं असतं, ती खवली आधी उचकटतात, मग गळतात, आणि आतला गाभा उघडा पडला की तो चिरत जातो. गुंता काढायचा तोही शेंड्याकडून. खालचा टीचभर भाग मोकळा करायचा, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. टाळूपासून सरळ खाली कंगवा ओढणारी मुलगी आमच्या दुकानात टिकत नाही.

कात्रीच्या बाबतीत मी सुरुवातीपासून हट्टी. पहिल्याच वर्षी जर्मनीच्या सोलिंगेनची साडेपाच इंची जग्वार घेतली, दुकानाच्या भाड्यापेक्षा महाग. सासूबाईंना वाटलं, सुनेचं डोकं फिरलं. पण शिवणकामाच्या कात्रीनं केस कापला जात नाही, चेंगरतो, आणि चेंगरलेल्या टोकाला थोड्याच दिवसांत नवा फाटा फुटतो. धार बघायची तर ओला टिश्यू कागद कापून बघा. पातं कागद दुमडत किंवा ओढत असेल तर कात्री धारेला गेली पाहिजे. स्क्रूही बघायचा असतो. एक कडी हातात धरायची, दुसरी काटकोनात उचलून सोडून द्यायची. पातं वाटेत थांबलं पाहिजे. खाडकन मिटलं तर कात्री सैल आहे, आणि सैल कात्री केस दोन पात्यांमध्ये घेऊन वाकवते. आमच्या कात्र्या धारेला मिरजेला जातात. तिथे दवाखान्यांची अवजारं धारेला घेणारे एक चाचा आहेत, त्यांच्याशिवाय मी त्या कुणाच्या हाती देत नाही. आमच्या दुकानात या कात्रीनं कागद तर सोडाच, दोराही कापायचा नाही.

आमचं मुख्य काम म्हणजे वेचणी. ट्रिम सगळेच करतात, शेंड्यांची ओळ सरळ कापली की झालं. पण फाटे सगळे ओळीच्या शेवटी नसतात. वेणीच्या मधोमध आखूड केसांना असतात, कानामागे असतात, जिथे पदराची पिन नाहीतर पर्सचा पट्टा घासतो तिथे असतात. खिडकीपाशी उजेडाला बसवायचं, बोटाएवढी बट घ्यायची, पीळ द्यायचा. पिळातून जी टोकं बाहेर डोकावतात ती एकेक बघायची. साधा दुतोंडी फाटा असतो, पिसासारखा दोन्ही बाजूंनी फुटलेला असतो, आणि काही केसांवर नुसता पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका सगळ्यात वाईट, केस उद्या तिथेच तुटणार. फाट्याच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून कापायचं. फाट्याला चिकटून कापलं तर चीर वर चढलेली असते, ती तशीच राहते. लांब दाट केसांची वेचणी म्हणजे एका मुलीची अख्खी दुपार. आम्ही तिचे तासावर पैसे घेतो आणि त्यावरून आजही लोक कुरकुर करतात.

आता आमच्या गणिताच्या बाईंबद्दल. त्या हायस्कूलला गणित शिकवायच्या, सगळी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते. पहिल्यांदा आल्या तेव्हा केस खांद्याच्या थोडे खाली होते आणि म्हणत होत्या, माझे केस वाढतच नाहीत, दोन वर्षं तिथेच आहेत. त्या मेंदी लावायच्या. मी त्यांना भांग दाखवला. मेंदीच्या खाली पांढरी मुळं दिसत होती, बोटाच्या पेराएवढी. मुळं वाढली म्हणजे केस वाढला. मग लांबी गेली कुठे? शेंड्याला तुटली. तेवढं बाईंना पुरलं. पुढच्या वेळी त्या वही घेऊन आल्या. दर तीन महिन्यांनी भांगातली पांढरी मुळं फूटपट्टीनं मोजायच्या, मानेपासून शेंड्यापर्यंत टेप धरायला लावायच्या आणि आम्ही कापलेलं किती तेही लिहायच्या. महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाढ, वर्षाला 14 सेंटीमीटरच्या वर. त्यातले कात्रीखाली जाणारे जेमतेम 3. बाकी सगळी लांबी पदरात. आधीच्या दोन वर्षांत मात्र तेवढीच वाढ होऊन पदरात शून्य, कारण गळक्या बादलीसारखं जेवढं वर भरत होतं तेवढंच खालून जात होतं.

बाईंचे केस कमरेला टेकले तेव्हा त्यांनी वहीत हिशेब मांडला, की माझ्या वेणीचा शेंडा सहा वर्षांपूर्वीचा आहे. सहा वर्षांचं ऊन, पाणी, टॉवेल, उशी त्यानं सोसलंय. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. मुळाशी आहे तो केस आणि शेंड्याशी आहे तो केस सारख्या वयाचे नाहीत, मग निगा सारखी कशी चालेल? आणि दर महिन्याला कापले की केस भराभर वाढतात, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाढ टाळूच्या आत होते, कात्री शेंड्याला लागलेली टाळूला कळत नाही.

2005 चा महापूर सोडला तर ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते दालन आलं. आमच्या दारातून दिसेल अशा जागी, काचेचं, एसी, बाहेर गुळगुळीत केसांच्या मुलीचा माणसाएवढा फोटो. स्पर्धेला माझी कधीच ना नव्हती. माझा राग त्यांच्या फलकावरच्या एका ओळीवर होता आणि अजून आहे : फाटलेले शेंडे पुन्हा जोडून मिळतील. केस टाळूच्या बाहेर आला की त्यात जीव नसतो. जखम भरते तसा फाटा भरत नाही, जगातली कुठलीही कंपनी तो कायमचा जोडून देऊ शकत नाही. सिलिकॉनचं सिरम लावलं की दोन्ही तोंडं चिकटतात आणि चमकतात, चार वेळा डोकं धुतलं की पुन्हा उघडतात. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन विचारायचं, ताई, ते जोडून देतात, तुम्ही का नाही देत? मी खरं सांगायची आणि ते तिकडे जायचं.

तिकडे व्हायचं स्मूदनिंग आणि केराटिन, दोन्ही औषध लावून केस सरळ, गुळगुळीत करायचे प्रकार. स्मूदनिंगच्या क्रीमनं केसाच्या आतले बंध तोडायचे, 200 अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री फिरवायची, दुसऱ्या औषधानं बंध नव्या आकारात पक्के करायचे. नव्या केसाला एकदा चालून जातं. सहा वर्षांच्या शेंड्याला नाही. केराटिनच्या धुरानं त्यांच्याकडच्या मुलींचे डोळे चुरचुरायचे. अशा अनेक औषधांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलंय. आमची टिंगल करणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं होतं. शेंडे उडवायचं बॅटरीवरचं यंत्रही त्यांनी आणलं होतं. दहा मिनिटांत काम. ते यंत्र बटेतून बाहेर आलेलं प्रत्येक टोक कापतं, मग ते फुटलेलं असो की नुकतंच वाढलेलं धडधाकट.

वर्षभरात आमच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी हाताला धरून शिकवलेल्या दोघी मुली तिकडे गेल्या. पगार जास्त होता, त्यांना बोल लावत नाही. पण त्यांनी जाताना गिऱ्हाइकांचे फोन नंबर उतरवून नेले, ते मी विसरलेले नाही. घरमालकानं भाडं वाढवलं. एक वितरक इस्त्री आणि औषधं उधारीवर द्यायला तयार होता, हे म्हणाले, घेऊन टाक, पोट भरायचंय. आत्या तेव्हा थकल्या होत्या. त्यांनी आपल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, भाडं भर, इस्त्री नको. त्या पाटल्या गहाण ठेवूनच पुढचे महिने काढले. संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघी बसायचो आणि समोरच्या काचेतली गर्दी बघायचो.

बाईंचं तेव्हाचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही. त्यांनी ती वही शाळेच्या स्टाफरूममध्ये नेली. भाषण केलं नाही, फक्त पानं उघडून दाखवली : तारीख, वाढ, कापलेलं, उरलेलं. मास्तरणींना आकडे पटले. त्यातल्या काहीजणींनी समोरून स्मूदनिंग केलेलंच होतं. वरून नवा कुरळा केस आला होता, खाली सरळ केलेला, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथून तुटत होता. वेणी अर्ध्यावर निम्मी व्हायची. एका शिक्षिकेनं डोकं माझ्यापुढे वाकवलं आणि रडायला लागली. तिला मी लांबी एकदम तोडायला लावली नाही. नवा केस येईल तसतसा खालचा भाग थोडाथोडा काढत गेलो, मधल्या काळात इस्त्री बंद, रंग बंद, वेणी सैल. शाळेतून एकेक जण येत राहिली, मग त्यांच्या बहिणी, जावा. पाटल्या सोडवून आणल्या. आत्यांनी त्या पुन्हा हातात घातल्या, एवढं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

समोरचं दालन नंतर बंद पडलं. त्याची बातमी मात्र कुठल्या पुरवणीत आली नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं तेव्हा दुकान बुडालं. खुर्च्या, आरसे, गिझर सगळं गेलं. कात्र्यांची पेटी, शिसवी कंगवा आणि बाईंची वही आधीच विश्रामबागेत पाहुण्यांकडे हलवली होती. चिखल काढायला गिऱ्हाइकं आली. महापुरानं सामान नेलं, गिऱ्हाईक नेलं नाही. पुढच्या वर्षीचं लॉकडाऊनही तसंच निघालं.

आता सून काम बघते, मी वेचणीला बसते. बसल्या बसल्या तोंड चालू असतं, तेच इथेही लिहिते. बायका टाळूला तेल जिरवतात आणि उरलेला हात शेंड्यांना पुसतात. उलटं करा. डोकं धुवायच्या आदल्या रात्री शेंड्यांना खोबरेल लावा. ते केसाच्या आत शिरतं, धुताना केस पाणी पिऊन फुगतो ते कमी होतं आणि प्रथिनं कमी झिजतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खोबरेलाबरोबर सूर्यफूल आणि खनिज तेलही तपासलं होतं, त्या दोघांना हे जमलं नाही. शिकेकाई वापरत असाल तर उकळून फडक्यानं गाळून घ्या, कोरडी पूड केसांत चोळली की कण शेंड्यांत अडकून घासतात. मेंदी दर वेळी शेंड्यापर्यंत नेऊ नका, मुळांपुरती ठेवा, शेंड्यांना आधीची आहेच. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून ओल्यावर वेणी नको आणि टॉवेलनं झटकणं तर मुळीच नको. जुन्या सुती धोतराच्या कापडात दाबून पाणी टिपा. बाईकवरून जाताना वेणी ओढणीच्या आत घ्या. गंगावन लावून झोपू नका.

वेचणी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी असते, उजेड असेपर्यंत. येताना केस धुऊन, पूर्ण वाळवून, बिनतेलाचे आणा. तेल असलं की दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटून बसतात आणि आम्हाला फाटा दिसत नाही.