हंसपद

दुपारी जेवणं झाल्यावर ताईचा फोन आला. भाचीच्या लग्नाच्या यादीत नगरचे काका राहिले होते. "शेवटी नको हं टाकूस, चौथेच घाल. मानाचे आहेत."

यादी कॉम्प्युटरवर साध्या फाइलीत, आणि मी असली कामं हुकूम टाइप करून करतो. शेवटी चालले असते तर काम चुटकीचं होतं. एको, काका, दोन बाण (>>), फाइलचं नाव. (चुकून एकच बाण पडला, तर यादीत फक्त काका उरतात, आणि लग्नाचा खर्चही वाचतो.) पण मध्ये घालायचं म्हणजे सेड, फाइल न उघडता हुकमानं ओळी बदलणारा प्रोग्राम. एका ओळीसाठी एडिटर उघडणं मला जिवावर येतं. का, ते विचारू नका.

सेडला 'चार आय' म्हटलं की ओळ चौथीच्या आधी बसते, 'चार ए' म्हटलं की नंतर. हे त्याला एड नावाच्या जुन्या एडिटरकडून वारशानं मिळालंय. १९६९ सालचा तो एड कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर चालायचा. समोर पडदा नाही, सगळा कारभार ओळींच्या नंबरांवर. मी हुकूम सोडला, काही छापून आलं नाही म्हणून वरचा बाण दाबून पुन्हा सोडला. सेड काम झालं तरी बोलत नाही, हे वीस वर्षांत मला लक्षात राहिलेलं नाही. काका दोनदा बसले.

गंमत म्हणजे सेड फाइलीत काही घुसवत नाहीच. अख्खी यादी नव्यानं उतरवून काढतो आणि जुन्या नावानं ठेवून देतो. काका आधी राहिले होते, याचा मागमूस नाही.

आजोबांच्या पोस्टकार्डात असं नव्हतं. राहिलेला शब्द आठवला की ते ओळीखाली हंसपद (^) काढत आणि वरच्या फटीत मुंगीएवढ्या अक्षरात शब्द लिहीत. सेडमध्ये त्याच चिन्हाचा अर्थ ओळीची सुरुवात. आजोबांना हे पटलं नसतं.

त्यांचं एक कार्ड आठवतंय. मी शाळेतून आलो तेव्हा आई ते हातात धरून ओट्याशी उभी होती. पाऊसपाणी, म्हशीचं वासरू, आणि खाली 'हिची प्रकृती बरी आहे.' 'प्रकृती' आणि 'बरी' यांच्यामध्ये हंसपद होतं. वर बारीक अक्षरात 'आता'.

आईनं तो एवढासा शब्द दोनदा वाचला, गॅस बंद केला आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी निघून गेली.