बाबांचा चार इंची ब्रश

बाबांचा चार इंची ब्रश यंदाच्या मे महिन्यात माझ्या हातून जवळजवळ गेलाच होता. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या घरी, मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, मधल्या वाशाला वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने टांगलेला हा ब्रश मी लहानपणापासून बघत आले. लाकडी मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, वर पत्र्याची पट्टी आणि त्यात डुकराचे खरे केस. घराची दारं, खिडक्यांच्या चौकटी, गणपतीचा पाट, सगळं बाबा याच ब्रशाने रंगवायचे. ते गेल्यावर दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

समुद्र जवळ असलेल्या घरात रंगकाम टाळून चालत नाही. खारं वारं खिडक्यांचे गज खातं, कडेकडेने पोपडे सुटतात. गज मी पॉलिश पेपरने घासले, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारला, त्यासाठी दीड इंची नवा ब्रश आणला. दारांना मात्र बाबांचाच ब्रश काढला. ऑइल पेंट त्या ब्रशाने असा सरळ बसत गेला की मागे एक रेघ उरली नाही. संध्याकाळी हात भरून आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कुडाळला लग्नाला जायचं होतं. म्हणून मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा करून ठेवला आणि आल्यावर धुऊ म्हणून निघून गेले. परत आले तिसऱ्या दिवशी.

डब्यातलं टर्पेंटाइन उन्हाळ्याच्या उष्म्याने निम्म्यावर आलं होतं. केस तळाला टेकून एका बाजूला वाकलेले. टोकं मऊ होती, पण पट्टीलगत बोट दाबलं तर आत दगड. मला रडू आलं. बाजारात असा ब्रश शे-दोनशेला मिळेल, तो प्रश्न नव्हता.

शेजारचे तात्या मासेमारीतले. १ जूनला बंदी सुरू होते ती ३१ जुलैपर्यंत, त्याआधी होडी वर ओढून, रंगवून, माडाच्या झापांनी शाकारायची त्यांची घाई चालली होती. तरी ब्रश हातात घेऊन त्यांनी केस बोटाने उलटेपालटे केले आणि म्हणाले, "गो बाय, केस वाकले ते सुधारतीत. पण मुळात रंग सुकलो काय ब्रश गेलो समज. आज काय ता करूक व्हया."

मग त्यांनी सांगितलं तसं करत गेले. करताना एकेक गोष्ट उमगत गेली. ऑइल पेंट नुसता वाळत नाही. त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं हा अर्धा भाग, बाकी अर्धा म्हणजे त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. एकदा ते नीट घट्ट झालं की टर्पेंटाइन त्याला विरघळवत नाही. माझ्या ब्रशात अजून वेळ होती, कारण केसांचा बराच भाग द्रवात बुडालेला होता. पट्टीलगतचा भाग मात्र द्रव उतरत गेला तसा उघडा पडला होता, आणि नेमका तिथेच सगळा रंग साठलेला.

मुठीच्या भोकातून तार ओवली, तार बरणीच्या तोंडावर आडवी ठेवली आणि ब्रश थिनरमध्ये असा लोंबता ठेवला की केस पट्टीपर्यंत बुडतील पण तळाला टेकणार नाहीत. ब्रशाला भोक नुसतं खिळ्याला अडकवायला असतं असं मी समजत होते. बरणी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चुलीपासून लांब ठेवली, कारण थिनरची वाफ पेट घेते. सकाळी पट्टीलगत जुन्या कंगव्याने विंचरायला घेतलं. मुळापासून टोकाकडे, एकाच दिशेने, बोटभर रुंदीची एकेक बट धरून. पहिल्या अर्ध्या तासात काहीच निघेना. मग रंगाचे करडे कण पडू लागले, साबुदाण्याएवढे. पुन्हा ताजं थिनर, पुन्हा कंगवा. तीन वेळा असं केल्यावर केस मुळाशी एकमेकांपासून सुटे झाले. एका कोपऱ्यातले चिमूटभर केस मात्र तुटून आलेच.

शेवटी कपड्याच्या साबणाच्या वडीवर ब्रश घासून, तळहातावर फेस काढून कोमट पाण्याने धुतला. कढत पाणी घ्यायचं नाही, केस धरून ठेवणारा डिंक सैल होतो. ओले केस बोटांनी सरळ केले, जाड कागदाची घडी घालून गुंडाळले, सुतळी सैलशी बांधली आणि केस खाली करून टांगला. चार दिवसांनी कागद सोडला तेव्हा वाक बराचसा गेला होता. बाबा वर्तमानपत्र का गुंडाळायचे हे मला त्या दिवशी कळलं. मी आजवर समजत होते, धूळ बसू नये म्हणून.

आता काम संपलं की मी आधी ब्रशातला रंग डब्याच्या काठावर निपटते, मग जुन्या कागदावर दाबून दाबून पुसते, कागदावर रंग उमटायचा थांबेपर्यंत. टर्पेंटाइन नंतर. तेही एकदम भांडंभर घेत नाही. वाटीभर घेऊन धुतलं, गढूळ झालं की बाजूला, दुसरी वाटी, मग तिसरी. तिसरी जवळजवळ नितळ राहते. गढूळ टर्पेंटाइन झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. हे टर्पेंटाइन परसात किंवा विहिरीच्या आसपास ओतायचं नाही, ही माझ्या घरात आता सक्ती आहे. आमच्या जांभ्या जमिनीतून ते कुठे झिरपेल सांगता येत नाही. तेलकट रंगाच्या चिंध्याही मी बोळा करून कोपऱ्यात टाकत नाही, उघड्यावर पसरून वाळवते. बोळ्यात तेल वाळताना उष्णता साठते आणि चिंधी आपोआप पेटू शकते.

भिंतींच्या इमल्शनला आणि डिस्टेंपरला पाणी पुरतं, पण लगेच. त्या रंगातलं पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि मग पाण्याने सुटत नाही. साबणाच्या पाण्यात पट्टीजवळचे केस अंगठ्याने फाकवत धुवायचे. नंतर मूठ दोन्ही तळहातांमध्ये धरून ताक घुसळताना रवी फिरवतात तशी फिरवायची, रिकाम्या बादलीच्या आत, म्हणजे मुळातलं पाणी बाहेर फेकलं जातं. या रंगांना मी नायलॉनचे ब्रश ठेवलेत, कारण खरे केस पाण्यात फुगून लुळे पडतात. रंग लावायला घेण्याआधी ब्रश पाण्यात (ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइनमध्ये) बुडवून पिळून घ्यायचा आणि रंगात अर्ध्याच केसांपर्यंत बुडवायचा. एवढ्यानेच मुळाशी जाणारा रंग निम्मा होतो, धुणं सोपं पडतं. मध्येच जेवायला उठायचं असेल तर धुतलेल्या दुधाच्या पिशवीत ब्रश गच्च गुंडाळून ठेवला की तो संध्याकाळपर्यंत मऊ राहतो.

चुन्याला मात्र केसांचा ब्रश कधीच नको. काही वर्षांपूर्वी तुळशीवृंदावनाला चुना देताना मी एक चांगला ब्रश असाच घालवला होता. चुना केस खातो, आठवडाभरात ते काडीसारखे तुटायला लागले. आई वाखाचा कुंचा का करून ठेवायची, ते त्या वेळी ध्यानात आलं नव्हतं. झाडाचा धागा चुन्यात टिकतो.

खरी परीक्षा पावसाची. आमच्याकडे आषाढ-श्रावणात चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते, तर ओलसर ठेवलेल्या ब्रशाची काय कथा. पावसात नीट वाळल्याशिवाय कागदातही गुंडाळायचा नाही, प्लास्टिकमध्ये तर मुळीच नाही. पत्र्याच्या पट्टीला खोबरेल तेलाचं बोट फिरवते, खाऱ्या हवेत ती गंजते आणि गंज पुढच्या पांढऱ्या रंगात उतरतो. तेल केसांना लागू द्यायचं नाही, नाहीतर रंग नीट बसत नाही.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी ब्रश वाशावरून खाली काढला. कागदाला दमट वास होता, केस कोरडे होते. गणपतीच्या पाटाला रंग दिला. तुटलेल्या कोपऱ्यामुळे काठाशी एक बारीक रेघ राहते, तिथे दीड इंची ब्रश फिरवावा लागला. मुंबईहून आलेल्या भावाने पाट बघून विचारलं, "रंगारी कोण लावलास?" मी त्याला मांगरात नेऊन ब्रश दाखवला. त्याने तो मुठीत धरला, बाबा धरायचे तसा पट्टीवर अंगठा ठेवून, आणि परत खिळ्याला अडकवला.